उमेदवाराचा जाहीरनामा आणि आपला सातबारा

(विधानसभा निवडणुकीच्या निमित्ताने रत्नागिरी येथे नवदीक्षित कुटुंबांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)





आपणांपैकी कित्येक कुटुंबांनी थोड्याच दिवसांपूर्वी धम्मदीक्षा घेतली आहे. दीक्षेनंतर येणारी ही आपली पहिलीच निवडणूक. परवा एका उपासकाने मला वाटेत थांबवून विचारले, “गुरुजी, आता आम्ही बौद्ध झालो. मग आता आमचे मत कोणाचे?” त्या प्रश्नाचे उत्तर रस्त्यावर उभ्याने देण्यासारखे नव्हते. म्हणून आज येथे सविस्तर बोलण्याचे मी कबूल केले. कोणत्याही पक्षाचे नाव मी घेणार नाही. मत कोणास द्यावे हेही सांगणार नाही. उमेदवार दारी आला असता त्याच्याशी काय बोलावे, एवढेच माझे आजचे सांगणे आहे.

उमेदवार येतात कसे, हे आपण पाहिलेच आहे. मागील एका खेपेस एक गृहस्थ विहारात आले. त्यांनी बुद्धमूर्तीस हार घातला, बाबासाहेबांच्या प्रतिमेस हार घातला, सभामंडपावर नवे पत्रे घालून देण्याचे वचन दिले आणि अर्ध्या घटकेत मोटारीत बसून निघून गेले. त्या अर्ध्या घटकेत आमच्यापैकी एकानेही त्यांना एकही प्रश्न केला नाही. पत्रे मात्र आले, हे कबूल केले पाहिजे. पण विधानसभा ही काही पत्रे वाटण्यासाठी स्थापन झालेली नाही. तेथे कायदे होतात. आपल्या जमिनीचे, शाळेचे, मजुरीचे भवितव्य ज्यांवर अवलंबून असते ते कायदे जेथे होतात, तेथे माणूस पाठविताना त्याने कोणता कायदा करावा हे आपण सांगत नसू, तर आपले मत पत्र्यांच्या भावाने गेले असे म्हणावे लागेल.

आपल्या जिल्ह्याची एक विशेष स्थिती प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांपैकी २९ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव आहेत. रत्नागिरी जिल्ह्यात दापोली, गुहागर, चिपळूण, रत्नागिरी आणि राजापूर असे पाच मतदारसंघ आहेत. यांपैकी एकही राखीव नाही. म्हणजे आपल्या दारी येणारा उमेदवार बहुधा आपल्या समाजाचा नसणार. “आपला माणूस” या एका शब्दावर मत देण्याची सोयच येथे नाही. काहीजण यावर कष्टी होतात. मी म्हणतो, या अडचणीचा विचार बाबासाहेबांनी फार पूर्वी करून ठेवलेला आहे, आणि तोही याच कोकणात, याच जमिनीवर. १९३७ सालच्या प्रांतिक निवडणुकीत बाबासाहेब स्वतः उमेदवार होते. त्या उमेदवाराने मतदारांपुढे काय मांडले आणि निवडून आल्यावर काय केले, हे आज मला आपल्यापुढे ठेवावयाचे आहे.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे बाबासाहेबांनी घोषणा केली की, आपण हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. दीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी. मध्ये एकवीस वर्षे गेली. नवदीक्षितांस असे वाटणे स्वाभाविक आहे की, येवल्याच्या घोषणेनंतर बाबासाहेब केवळ धर्मग्रंथांच्या अभ्यासात गढून गेले असतील. वस्तुस्थिती तशी नाही. घोषणेला वर्ष होण्यापूर्वीच, १९३६ च्या ऑगस्टमध्ये, त्यांनी एक राजकीय पक्ष काढला आणि त्यास स्वतंत्र मजूर पक्ष असे नाव दिले. अस्पृश्य पक्ष नव्हे, मजूर पक्ष! १९३५ च्या कायद्याने प्रांतांना मर्यादित स्वायत्तता मिळाली होती. मुंबई प्रांताच्या विधानसभेत १७५ जागा होत्या व पुणे कराराच्या अनुरोधाने त्यांपैकी १५ जागा अस्पृश्य वर्गासाठी राखून ठेवलेल्या होत्या. पंधरा सभासदांच्या बळावर पाऊणेदोनशेंच्या सभेत कायदा होत नाही, हे गणित साधे आहे. जो कोणी अंगमेहनतीवर जगतो त्याला बरोबर घेतल्यावाचून गत्यंतर नाही, म्हणून नावात मजूर हा शब्द आला. पक्षाने सतरा उमेदवार उभे केले आणि त्यांतील बहुतेक निवडून आले. राखीव जागांबाहेरही पक्षाला यश मिळाले, हे विशेष.

तेव्हा मत सर्वांस नव्हते हेही विसरू नका. जमीन, सारा, शिक्षण असल्या अटी घालून मतदार ठरविले जात, आणि आमच्या आजोबा-पणजोबांपैकी बहुतेकांची नावे यादीत नव्हती. आज अठरा वर्षांच्या प्रत्येक मुलामुलीस जे मत आहे, त्याची त्या काळी स्वप्नेच पाहावी लागत.

आता जाहीरनाम्याकडे वळू. स्वतंत्र मजूर पक्षाचा जाहीरनामा आज वाचला असता पहिल्याने आश्चर्य वाटते ते असे की, त्यात गोडगोड शब्द फारसे नाहीत. शेतकरी दरिद्री का, याची कारणे त्यात दिली आहेत: जमिनीचे बारीक बारीक तुकडे झाले आहेत आणि तेवढ्या जमिनीवर फार माणसे जगत आहेत. मग उपाय: जुन्या धंद्यांस ऊर्जितावस्था आणावी, नवे कारखाने काढावेत, धंदेशिक्षण द्यावे, आणि जेथे लोकहितास अवश्य असेल तेथे उद्योग सरकारने आपल्या मालकीचे करून चालवावेत. शेतकऱ्यासाठी जमीन-तारण पेढ्या, सहकारी उत्पादक संस्था व विक्री संस्था. कुळांस बेदखल होण्यापासून व जमीनदारांच्या उकळण्यापासून संरक्षण. खोती आणि तालुकदारी या पद्धती नाहीशा करणे. गिरणीकामगारांसाठी नोकरी, बढती व बडतर्फी यांवर कायद्याचे नियंत्रण, कामाच्या तासांची मर्यादा, पुरेसे वेतन, पगारी रजा, स्वस्त व आरोग्यदायक घरे. बेकारांस सरकारी जमिनीवर वसविणे व सार्वजनिक कामे काढून रोजगार देणे. मोफत व सक्तीचे प्राथमिक शिक्षण, प्रौढशिक्षण. धर्मादाय निधीतील शिल्लक पैसा शिक्षणासारख्या ऐहिक कार्याकडे वळविणे. शेवटी खेड्यांसाठी सभागृहे, ग्रंथालये आणि फिरता सिनेमा! खेडुताची दृष्टी विस्तारली पाहिजे म्हणून सिनेमासुद्धा जाहीरनाम्यात घालणारा पुढारी त्या काळी दुसरा कोणी असेल असे मला वाटत नाही.

ही यादी वाचताना मला एक गोष्ट नेहमी जाणवते. यातली अर्धी कलमे शेताची आणि अर्धी गिरणीची. शहरी वाचकास ही दोन वेगळ्या वर्गांची गाऱ्हाणी वाटतील. कोकणी माणसास तसे वाटणार नाही. आपल्या घरात एक भाऊ गावी भातशेती पाहतो आणि दुसरा परळ-लालबागच्या चाळीत दहा माणसांच्या खोलीत राहून गिरणीत राबतो, ही आपली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. गावचा खंड मुंबईच्या मनिऑर्डरीतून भरला जाई आणि संपाच्या काळात मुंबईकर गावच्या तांदळावर जगे. जाहीरनामा दोन वर्गांसाठी लिहिलेला नव्हता. आमच्या एका घराच्या दोन टोकांसाठी लिहिलेला होता. लिहिणारा मुळचा मंडणगड तालुक्यातील आंबडव्याचा आणि राहणारा मुंबईचा. हे दुटोकी घर त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

खोती म्हणजे काय, हे आजच्या तरुणांस सांगितलेच पाहिजे. कारण म्हातारी माणसे गेली की तो शब्द केवळ आडनावात उरणार आहे. खोत हा मुळात सरकारच्या वतीने गावचा सारा वसूल करून भरणारा. सरकारचा ठराविक सारा सरकारात भरला की सरकार त्याच्या व्यवहारात फारसे डोकावत नसे. मग गावात जो राबे त्याच्याकडून किती घ्यावे? उभ्या पिकाची पाहणी करून खोताचा माणूस अंदाज बांधी, त्यास अभावणी म्हणत. अंदाज त्याचा, माप त्याचे. कोणी अर्धेली देई म्हणजे पिकाचा अर्धा वाटा, कोणी तिर्धेली म्हणजे तिसरा वाटा. धारेकरी म्हणून जे थोडे भाग्यवान होते ते सरकारी धाऱ्यावर सुटत. बाकीच्यांचे नशीब खोताच्या लहरीवर. शिवाय वेठ होती. खोताच्या शेतात फुकट नांगर धरावयाचा, त्याची पालखी वाहावयाची, त्याच्या घरच्या कार्यात लाकडे फोडावयाची. १८८० साली सरकारने खोतीचा कायदा करून या व्यवहारास काही मर्यादा घातल्या, परंतु ज्याला लिहिता येत नाही आणि ज्याचे घर खोताच्या जमिनीवर आहे, तो माणूस कायद्याचा आधार घेऊन खोतापुढे उभा कसा राहणार? पावती मागितली तर छप्पर जाई.

खोत एकाच जातीचे होते असेही नव्हे. त्यांत ब्राह्मण होते, मराठे होते, मुसलमानही होते. आणि त्यांच्या हाताखाली पिचणारे? बहुसंख्य कुणबी, त्यांच्या जोडीला भंडारी, आगरी आणि महार. येथे मला गोड बोलावयाचे नाही. ज्या कुणब्याला खोत लुबाडीत होता, तोच कुणबी आमच्या आजीला विहिरीवर घागर लावू देत नव्हता. ही वस्तुस्थिती बाबासाहेबांस आपल्यापेक्षा अधिक ठाऊक होती. तथापि १९२९ च्या एप्रिलमध्ये चिपळूणला ते आले तेव्हा खोतीचे जू हा प्रश्न त्यांनी हाती घेतला, आणि तो केवळ महारांचा म्हणून घेतला नाही. विहिरीचा हक्क महाडला जाऊन मागितला. पोटाचा हक्क त्याच कुणब्याच्या खांद्याला खांदा लावून मागितला. दोन्ही एकाच वेळी करणे किती कठीण आहे, याची कल्पना गावात राहणाऱ्यास येईल.

रत्नागिरी शहरापुरते एक वाक्य येथे अवांतर बोलतो. १९३१ साली याच शहरात पतितपावन मंदिर उघडले गेले, सर्व जातींस प्रवेश असलेले. भागोजीशेठ कीर यांनी त्यासाठी द्रव्य दिले. चांगली गोष्ट झाली, तीस वाईट म्हणण्याचे कारण नाही. परंतु दर्शन घेऊन गावी परतलेल्या माणसाची अभावणी त्या वर्षी कमी झाली नाही.

निवडणूक झाली १९३७ च्या फेब्रुवारीत. १७ सप्टेंबर १९३७ रोजी, म्हणजे सात महिन्यांनी, बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. सभासदाला सरकारी अनुमतीवाचून खाजगी विधेयक आणता येते, त्या हक्काचा हा उपयोग होता. विधेयकाचा आशय असा: खोती पद्धत बंद करावी, खोतास वाजवी मोबदला द्यावा, आणि जो प्रत्यक्ष जमीन कसतो त्यास जमीन महसुलाच्या कायद्याखालील कब्जेदाराचा दर्जा मिळावा, म्हणजे त्याने सारा थेट सरकारात भरावा. खोताला फुकट घालवून द्या, असेही त्यात नव्हते. न्यायाने जे त्याचे ठरेल ते त्याला देऊन त्यास वाटेतून दूर करावयाचे. क्रोध भरपूर असूनही मसुद्यात क्रोधाचा एक शब्द नाही, हे वकिलीचे शिक्षण. त्याच सुमारास महार वतनाच्या सुधारणेचाही प्रश्न त्यांनी सभेपुढे आणला.

पुढे काय झाले? प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ होते. मुख्यमंत्र्यास तेव्हा प्रांताचा पंतप्रधान म्हणत, आणि त्या जागी बाळासाहेब खेर होते. खेरांचा जन्मही रत्नागिरीचाच. एका बाजूला आंबडव्याच्या घराण्याचा माणूस, दुसऱ्या बाजूला रत्नागिरीत जन्मलेला माणूस, आणि मध्ये कोकणच्या कुळाचा प्रश्न. विधेयक पुढे सरकू दिले गेले नाही. तेव्हा १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर गेला. कोकणातली माणसे त्यासाठी मुंबईस गेली. बाबासाहेबांबरोबर श्यामराव परुळेकर, अनंतराव चित्रे, इंदुलाल याज्ञिक ही मंडळी होती. शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात चरी येथील कुळांचा संप तर १९३३ पासून चालू होता. त्या कुळांनी वर्षानुवर्षे जमिनी कसल्या नाहीत, लाकडे विकून दिवस काढले, पण खोतापुढे मान तुकविली नाही.

१९३९ च्या अखेरीस युद्धाच्या प्रश्नावर काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि विधानसभेचे काम थांबले. खोती निर्मूलनाचा कायदा मुंबई राज्यात झाला तो १९४९ साली. विधेयक मांडल्यापासून बारा वर्षांनी. तोपर्यंत बाबासाहेब दिल्लीस घटनेच्या कामात होते.

कोणी म्हणेल, मग त्या उमेदवाराने दिलेले वचन पुरे कुठे झाले? प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळू नये. जाहीरनाम्यातील बहुतेक कलमे पक्षाला अमलात आणता आली नाहीत. बहुमत नव्हते, सरकार नव्हते, आणि सभागृह चालले तेही जेमतेम अडीच वर्षे. परंतु दिलेल्या वचनाचे विधेयक त्यांनी सात महिन्यांत लिहून सभेच्या मेजावर ठेवले. विरोधी बाकावरच्या माणसाच्या हाती एवढेच असते, आणि एवढे त्यांनी केले. नंतर कायदा करणाऱ्यांस “हा प्रश्न आम्हास ठाऊक नव्हता” असे म्हणण्याची जागा उरली नाही. मी उमेदवाराची परीक्षा येथेच करतो. जिंकेल की नाही, मंत्री होईल की नाही, हे त्याच्या हाती नाही. कोणते विधेयक आणीन, कोणत्या विधेयकास विरोध करीन, हे त्याच्या हाती आहे. १९३८ साली कामगारांच्या संपाच्या हक्कावर गदा आणणारे औद्योगिक कलहाचे विधेयक आले तेव्हा त्यांनी सभागृहात विरोध केला आणि ७ नोव्हेंबरला मुंबईत संपही केला. घराच्या दुसऱ्या टोकाचे वचनही असे पाळले गेले.

आता “आपला माणूस” या शब्दाकडे पुन्हा येतो. त्याच १९३७ च्या निवडणुकीत भायखळा-परळ मतदारसंघात बाबासाहेबांविरुद्ध काँग्रेसने कोणास उभे केले होते? पाळवणकर बाळू यांस. केवढा मोठा क्रिकेटपटू! चांभार समाजात जन्मलेला, आपल्या गोलंदाजीने साहेबांस चकित करणारा, साऱ्या अस्पृश्य समाजास ज्याचा अभिमान होता असा. बाबासाहेबांसही त्याचे कौतुक होते. त्यांचा पराभव बाबासाहेबांनी सुमारे दोन हजार मतांनी केला. बाळूंविषयी माझ्या मनात आदरच आहे, परंतु मतदाराने त्या दिवशी “आमचा जन्माचा कोण” असे विचारले असते तर उत्तर मिळाले नसते. दोघेही आमचेच होते. विचारावयाचे ते हेच की कोणाच्या हातात कोणता जाहीरनामा आहे. आणि इकडे स्वतंत्र मजूर पक्षाच्या बाकावर बसले होते अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस, श्यामराव परुळेकर. यांपैकी एकही अस्पृश्य नव्हता. चित्रे आणि टिपणीस महाडच्या चवदार तळ्याच्या लढ्यापासूनचे सहकारी. परुळेकर पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले, तो त्यांचा मार्ग. पण खोतीच्या लढ्यात ते प्रामाणिकपणे उभे राहिले. बौद्ध झालेल्या माणसास तर जन्मावरून माणूस तोलणे शोभतच नाही. तथागतांनी ते नाकारले म्हणून तर आपण त्यांच्या धम्मात आलो.

याचा अर्थ असा नव्हे की प्रत्येक हार घालणाऱ्यास चित्रे समजावे. चित्र्यांनी महाडला मार पडत असता साथ सोडली नव्हती. आजच्या उमेदवाराने कोणत्या प्रसंगी काय केले, हे पाहावे. आपल्या वाडीवर बहिष्कार पडला तेव्हा हा गृहस्थ कोठे होता? मिरवणुकीवरून तंटा झाला तेव्हा हा कोणाच्या ओटीवर बसला होता? या प्रश्नांची उत्तरे वाडीतील म्हाताऱ्या बायकांजवळ तोंडपाठ असतात.

मग आज विचारावयाचे काय? माझी सारी नोकरी महसुली दप्तरात गेली, म्हणून मी सातबाऱ्यापासून सुरुवात करतो. खोती गेली, १ एप्रिल १९५७ रोजी कसणारास जमीन मालकीची मानणारा कृषक दिन आला, १ ऑगस्ट १९५९ पासून महार वतनही रद्द झाले. कागदावर हे सर्व झाले. परंतु आपला सातबारा उघडून पाहा. कित्येकांचे नाव अजून “कुळ, खंड व इतर अधिकार” या रकान्यात अडकून पडले आहे. ज्यांच्या वडिलांनी खरेदीची किंमत भरून ३२-म चे प्रमाणपत्र घेतले ते मालक झाले. ज्यांना कोणी सांगितलेच नाही, जे तारखेस मुंबईत होते, ज्यांच्या नोटिशीवर अंगठा दुसऱ्यानेच उठविला, त्यांचे काय? मालकाच्या रकान्यातली नावे जमीन विकावयास निघतात तेव्हा आपल्याला जाग येते. सडकेजवळच्या आणि समुद्रकाठच्या जमिनीला भाव आल्यापासून ही जाग वारंवार येऊ लागली आहे. वतनाची जमीन ज्यांना परत मिळाली, तिच्या विक्रीवर सरकारी परवानगीचे बंधन आहे. दलाल हे सांगत नाही. आणि घराखालची जमीन? कुळाच्या राहत्या घरास कायद्याचे संरक्षण आहे, पण आपल्या किती घरांचा कागद आपल्याजवळ आहे? उमेदवारास विचारा: या रखडलेल्या प्रकरणांसाठी गावोगाव चौकशी करून निर्णय देण्याची मुदतबंद योजना तुम्ही सभागृहात मागाल काय? “बघू” या उत्तरास उत्तर समजू नका.

दुसरी गोष्ट शाळेची. मोफत व सक्तीच्या शिक्षणाचे कलम १९३७ च्या जाहीरनाम्यात होते. आज शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळाला आहे, पण आपल्या डोंगरातील वाड्यांवरील शाळांचा पट वीसच्या आत आला की ती शाळा दुसरीत मिळविण्याची भाषा सुरू होते. २०२३ साली समूह शाळांचा विचार सरकारने पुढे आणला होता. मोठ्या शाळेत शिक्षक अधिक, ग्रंथालय बरे, हे मी नाकारीत नाही. पण पावसाळ्यात पऱ्या ओलांडून सहा वर्षांची मुलगी रोज कशी जाणार? मुलगा कसाबसा जाईल, मुलगी घरी राहील. शाळा हलविणाऱ्याने आधी साकव बांधून दाखवावा.

तिसरी गोष्ट विशेषतः नवदीक्षितांची. पुष्कळ लोक हळूच विचारतात, “बौद्ध म्हणून नोंद केली तर सवलती जातील ना?” ही भीती एके काळी खरी होती. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशात धर्माची अट होती, आणि १९५६ साली दीक्षा घेतलेल्या आपल्या वाडवडिलांनी केंद्राच्या सवलती गमावण्याचे संकट पत्करून दीक्षा घेतली होती. महाराष्ट्र शासनाने राज्यापुरत्या सवलती नवबौद्धांस पुढे दिल्या. केंद्राच्या सवलतींसाठी मात्र झगडावे लागले. ६ डिसेंबर १९६४ रोजी दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला, त्याच्या मागण्यांतही हा प्रश्न होता. दादासाहेब १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फेच प्रथम विधानसभेत गेले होते. अखेर १९९० साली आदेशात दुरुस्ती होऊन बौद्धांचा समावेश झाला. तेव्हा धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहावे, निर्भयपणे लिहावे. दाखल्यावर मूळ अनुसूचित जातीची नोंद नीट आहे की नाही, तेवढे पाहून घ्यावे. त्यासाठी हेलपाटे पडतात, एका कार्यालयात मला स्वतःला तीन वेळा परत पाठविले होते. हेही उमेदवारास सांगावे.

आता थोडे अप्रिय बोलतो. मतदानाच्या आदल्या रात्री वाडीत पाकिटे येतात आणि बाटल्या येतात. आपण पंचशील ग्रहण केले आहे. न दिलेले घेणार नाही, मद्य घेणार नाही, असे आपण भिक्खूंसमोर म्हटले आहे. कोणी म्हणतो, पाकीट तर दिलेले आहे, न दिलेले कोठे? हा युक्तिवाद मी ऐकलेला आहे आणि त्यावर लोक हसतातही. पण जे पाकीट देतो तो पाच वर्षांचे आपले तोंड विकत घेतो. पुढे सातबारा घेऊन आपण त्याच्या दारी गेलो म्हणजे तो आपल्याकडे पाहतो ते बाटलीच्या हिशोबाने.

उपासिकांस एक विनंती. सभेत आपण मागे बसता आणि प्रश्न पुढच्या रांगेतले पुरुषच विचारतात. १९३८ च्या नोव्हेंबरमध्ये स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला होता. बायकांच्या देहावर बाळंतपणांचा जो बोजा पडतो, तो राज्यकारभाराचा प्रश्न आहे असे त्या काळी सभागृहात म्हणावयाचे धैर्य या पक्षाने केले. ठराव पडला. तरीही आज प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे की नाही, रात्री बाळंतिणीस तालुक्याला नेण्यास गाडी मिळते की नाही, हे तुम्हीच विचारावयाचे आहे. पुरुषांस ते सुचणार नाही, असा माझा अनुभव आहे.

येत्या रविवारी सकाळी दहा वाजता एक उमेदवार विहारात येणार आहेत, असा निरोप चिटणिसांकडे आला आहे. दुसरेही येतील. मंडळाने असे ठरवावे की प्रत्येकास त्रिसरणानंतर आसन द्यावे, चहा द्यावा, आणि हार घेण्यापूर्वी वीस मिनिटे प्रश्नांस द्यावीत. प्रश्न लिहून काढावेत, उत्तरेही वहीत लिहावीत आणि त्याखाली उमेदवाराची सही मागावी. सही देत नसेल तर तसे लिहून ठेवावे. मुंबईच्या मंडळासही त्या वहीची नक्कल धाडावी, कारण आपल्यातील पुष्कळांची मते अजून गावी आहेत आणि माणसे मुंबईत. ज्यांच्या जमिनीचे प्रकरण रखडले आहे त्यांनी शनिवारी संध्याकाळी आपला सातबारा आणि फेरफाराच्या नकला घेऊन माझ्याकडे यावे. मी आठ वाजेपर्यंत विहारात बसेन. चष्मा विसरू नका. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी शाळेत जाणारे नातवंड बरोबर आणावे.

जयभीम. नमो बुद्धाय.